मुंबई–गुहागर–मुंबई: मोटरसायकलवरची बैठक

गुरुवार, वडाळा

शिमग्याला गावी जायचं, मोटरसायकलवर जायचं आणि मागे बाबा बसणार, हे बरंच आधी ठरलं होतं. बाबा सदुसष्ट वर्षांचे आहेत, बेस्टमध्ये ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. माणूस गाडी चालवून दमत नाही, बसून दमतो, असं ते नेहमी सांगतात. लांबच्या राइडबद्दल याहून खरं काही मी कुणाकडून ऐकलेलं नाही. क्लच, ब्रेक, गिअर यांची सवय होते. पण तास-दीड तासाने बुडाखाली जी आग सुरू होते, पुढे मांड्यांत आणि कमरेत उतरते, तिची सवय होत नाही. ती सोसण्यातच खरी मर्दुमकी, असं मानणारे रायडर पुष्कळ भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. ज्याचं लक्ष स्वतःच्या दुखण्यात आहे त्याचं लक्ष समोरून येणाऱ्या एसटीकडे कसं असेल?

म्हणून आधी सीटचं काम हातात घेतलं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत. तिथला एक कारागीर सीट उघडून फोम बदलून देतो. “ताई, दोन इंच मऊ फोम टाकतो, एकदम सोफा होईल,” तो म्हणाला. मी त्याच्याकडे नेमकं उलटं मागितलं. आहे त्यापेक्षा घट्ट फोम, आणि बसायच्या जागी थोडी जास्त रुंदी.

कारण असं. आपण बसतो तेव्हा कमरेवरचं जवळजवळ सगळं वजन ओटीपोटाच्या हाडांच्या खालच्या दोन टोकांवर येतं. लाकडी बाकावर बसून तळवे खाली सरकवून पाहा, ती दोन टोकं लगेच हाताला लागतात. मऊ फोमवर दुकानात पाच मिनिटं छान वाटतं. तासाभराने तो फोम दबतो, हाडं सीटच्या प्लास्टिकच्या तळाला टेकायला लागतात आणि कडेचा फोम वर येऊन मांड्यांना आणि मधल्या नाजूक भागाला दाबतो. घट्ट फोम तळापर्यंत दबत नाही, त्यामुळे वजन पसरतं. सुरुवातीला तो कडक वाटतो, ते वाटू द्यावं.

दुसरी गोष्ट उताराची. माझ्या गाडीची सीट टाकीकडे उतरती होती. अशा सीटवर माणूस प्रत्येक ब्रेकला पुढे घसरतो आणि मग हातांनी हँडल रेटून स्वतःला मागे ठेवतो. खांदे आणि मनगटं त्यातून दुखतात, आणि बोल लागतो हँडलला. कारागिराने पुढच्या बाजूला पाचरीसारखा तुकडा भरून बैठक सपाट केली. जेलचा थर घालू का, असंही विचारत होता. मार्चच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतलं जेल तापतं आणि लवकर निवत नाही, म्हणून नको म्हटलं.

बाबांना हवं होतं काळ्या-पिवळ्या टॅक्सीतलं लाकडी मण्यांचं कव्हर. त्यातून वारा खेळतो, पाठीला घाम धरत नाही, हे सगळं खरं. पण टॅक्सीच्या सीटला खाली स्प्रिंग आणि मागे पाठ असते. बाइकवर खड्डा आला की तेच मणी टोचतात. त्यांच्यासाठी हवेची उशी घेतली. ती टम्म फुगवायची नसते. फुगवून वर बसायचं, मग झडप सैल करून हवा सोडत जायचं, आणि हाडं सीटपासून जेमतेम बोटभर वर तरंगत राहतील तिथे थांबायचं. जास्त हवा भरली तर माणूस वर डुलत राहतो आणि वळणावर घाबरतो.

संध्याकाळी मागचे दोन्ही शॉकअप सी-पान्याने घट्ट केले. दोघांचं वजन आणि सामान घेऊन सैल शॉकअपवर निघालं, तर मागचं टोक आधीच खाली बसलेलं असतं. मग खड्ड्यात शॉकअपला दबायला जागा उरत नाही आणि सगळा दणका पाठीच्या मणक्यांना बसतो. दोघांसाठी जितकी हवा सांगितलेली असते तितकी टायरमध्ये भरली. सामान सॅडलबॅगमध्ये टाकलं, पाठीवर काही नाही. पाठीवरच्या सॅकचं ओझंही शेवटी त्याच दोन हाडांवर येतं. आणि बाबांचं जाडजूड पाकीट मागच्या खिशातून काढून जॅकेटात ठेवायला लावलं. एका कुल्ल्याखाली पाकीट असलं की कंबर दिवसभर तिरकी राहते, आणि संध्याकाळी एकाच पायात कळ का येते ते कळत नाही.

शुक्रवार: भाऊचा धक्का ते दिवेआगर

मुंबईतून दक्षिणेला मोटरसायकल काढायची तर देखणे रस्ते आपल्यासाठी नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, सी लिंकवरही बंदी. पण भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट दुचाकी घेते. २०२० साली ती सुरू झाल्यापासून मला पनवेल-वडखळची गर्दी टाळता येते. वडाळ्याहून शिवडी, रे रोड करत पहाटे धक्क्यावर पोचलो. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होतं. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहेच, शिवाय मागच्या माणसाला समोरचा खड्डा दिसत नसल्यामुळे त्याचीच मान जास्त हिसकते.

बोटीत तासभर मिळतो. बाबा तेवढा वेळ डेकवर फेऱ्या मारत राहिले. “आता बसून घेऊ नको गो, पुढे दिवसभर बसायचंच आहे,” म्हणाले. बसलेल्या माणसाला आरामासाठी खुर्ची देण्यापेक्षा उभं करावं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ढाब्यावर उतरून लोक पुन्हा प्लास्टिकच्या खुर्चीत अर्धा तास बसतात आणि त्याला विश्रांती म्हणतात.

मांडवा ते अलिबाग रस्ता झाडीतून जातो आणि गतिरोधक संपता संपत नाहीत. इथे आमचा इशारा ठरला. मी डाव्या कोपराने मागे हलका धक्का द्यायचा, बाबांनी फूटरेस्टवर जोर देऊन कुल्ले सीटवरून किंचित उचलायचे. मी स्वतः गुडघ्यांनी टाकी धरून पेगवर, म्हणजे पुढच्या फूटरेस्टवर, अर्धी उभी राहते. गुडघे वाकलेले असले की दणका तिथेच जिरतो, मणक्यापर्यंत जात नाही. आणि दर काही मिनिटांनी असं उठल्यामुळे दबलेल्या जागी पुन्हा रक्त खेळतं. मागच्या माणसाला हे जास्तच गरजेचं आहे. तो जवळजवळ मागच्या चाकावर बसलेला असतो, चालवणारा दोन चाकांच्या मधे.

अलिबाग, चौल, रेवदंडा. कुंडलिकेवरचा साळावचा पूल ओलांडला की समुद्र उजव्या हाताला सोबत येतो. काशीदला थांबलो तेव्हा कुणालाच काही दुखत नव्हतं, आणि थांबायची वेळ नेमकी तीच असते. तासाभराने थांबायचं, दुखो न दुखो. हाडांखालची कातडी आणि स्नायू दबलेले असतात, तिथे रक्त कमी पोचतं. लवकर उठलं तर पाच मिनिटांत भरपाई होते. एकदा आग सुरू झाली की पाऊण तास झाडाखाली आडवं झालं तरी ती पुरती जात नाही, बसल्या बसल्या परत येते. म्हणून मी दुखण्यावर नाही, घड्याळावर थांबते.

मुरूडच्या पुढे राजपुरीच्या बाजूने जंजिरा पाहिला, आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत घातली, दिघीला उतरून संध्याकाळच्या आत दिवेआगर. पोफळीच्या वाडीत एका घरी मुक्काम. उतरताना बाबांचे गुडघे आखडले होते. बूड, पाठ ठीक, फक्त गुडघे. मागचे फूटरेस्ट उंच आणि सीट त्या मानाने बुटकी, म्हणून गुडघा दिवसभर टोकाचा वाकलेला. फूटरेस्ट खाली नेता येत नव्हते, मग सीट वर न्यायची. घरच्या काकूंनी एक जुनी सतरंजी दिली. तिची घट्ट घडी उशीखाली घालून पट्ट्याने आवळली. दीड-दोन इंच उंची वाढली की गुडघ्याचा कोन किती मोकळा होतो, ते बाबांच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं.

शनिवार: दिवेआगर ते दापोली

दिवेआगरहून श्रीवर्धनला भरडखोल, शेखाडी, आरावी अशा किनाऱ्याच्या रस्त्याने गेलो. या रस्त्याबद्दल काही सांगत बसत नाही, जाऊन बघा. मात्र सकाळी आठच्या आत जा.

कारण त्यानंतर ऊन होतं, आणि शनिवार सगळा घामाचा होता. सीट कितीही चांगली असली तरी घाम तिचा सगळा फायदा खाऊन टाकतो. ओली कातडी मऊ पडते, शिवण तिथे घासते आणि दुपारपर्यंत मांडीच्या आतल्या बाजूला सोलवटतं. सुती आतले कपडे घाम पितात खरे, पण तो धरून ठेवतात. लांबच्या राइडला मी खेळाडू वापरतात तशी, मांडीपर्यंत येणारी, बुडाखाली शिवण नसलेली सिंथेटिक चड्डी घालते. वर जीन्स नाही. जीन्सच्या चार शिवणी जिथे एकत्र येतात ती गाठ नेमकी बसायच्या जागेवर येते. बायकांना हे जास्त सोसावं लागतं आणि त्याबद्दल कुणी मोकळेपणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते: निघण्याआधी जांघेत पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, दुपारच्या थांब्याला कोरड्या कापडाने पुसून पुन्हा लावा, आणि आतल्या कपड्यांचा एक जोड हाताशी ठेवा. संडासाची सोय मिळणार नाही या भीतीने पाणी कमी पिणं हा त्याहून वाईट उपाय. अंगातलं पाणी कमी झालं की डोकं दुखतं आणि लक्ष मंदावतं.

बाबांचा उपाय जुना होता: नॅपकिन. बसच्या सीटवर ते घडी घालून टाकायचे आणि दर फेरीला घडी उलटायचे. इथेही दर थांब्याला उशीवरचा नॅपकिन उलटला गेला. साधा, धुतला की अर्ध्या तासात वाळणारा. तो मीही उचलला.

हरिहरेश्वरला दर्शन, मग बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी. रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो. केळशीच्या पुढे रस्ता वळणावळणांचा आणि काही ठिकाणी उखडलेला. अशा रस्त्यावर उशीतली हवा थोडी कमी केली तर बरं पडतं, माणूस कमी उसळतो. आंजर्ल्याला कोकम सरबत घेतलं, हर्णैला मासळीच्या लिलावाची गडबड लांबूनच बघितली, आणि दिवस मावळायच्या आत दापोली.

रविवार: दापोली ते गाव

छोटा टप्पा. दाभोळला उतरून वाशिष्ठीच्या खाडीत फेरीबोट घेतली, पलीकडे धोपावे, आणि तिथून गुहागर तालुक्यातलं आमचं गाव. कोकणचा किनारी रस्ता म्हाताऱ्या माणसाला मोटरसायकलवर झेपतो याचं मोठं श्रेय या खाड्यांना आहे. फेरीबोट लागणारी प्रत्येक खाडी गाडीवरून उतरवतेच.

देवळासमोर मांडात गाडी लावली. बाबा कुणाचा हात न धरता उतरले आणि सरळ चालत पाया पडायला गेले.

सोमवार, मंगळवार: गाव

होम झाला, पालखी निघाली. बाबांनी पालखीला खांदा दिला. तीन दिवस मागच्या सीटवर बसून आलेल्या माणसाने पालखी नाचवली, यापुढे माझ्या सीटच्या कामाला दुसरं प्रशस्तिपत्र नको.

बाबा पाडव्यापर्यंत गावीच राहणार होते. मंगळवारी संध्याकाळी त्यांची उशी-सतरंजी सोडवली आणि मागचे शॉकअप परत सैल केले. दोघांसाठी घट्ट केलेल्या शॉकअपवर एकट्याने गेलं तर गाडी प्रत्येक भेगेवर उडते, आणि मग सीट वाईट आहे असं वाटत राहतं. टायरमधली हवाही उतरवली. ही दहा मिनिटांची कामं आहेत, पण ती सोडून लोक हजारो रुपयांच्या गाद्या विकत घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बुधवार: गाव ते वडाळा

परतीला मी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड, सातारा, पुणे आणि जुन्या हायवेने मुंबई. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. फेरीबोटींनी आणि गतिरोधकांनी मोडलेला किनारी रस्ता ही बैठकीची परीक्षा नव्हे. परीक्षा आहे सरळ, रुंद, गुळगुळीत हायवे.

पहाटे पाचला निघाले. चिपळूण ओलांडून पोफळी गावाच्या पुढे कुंभार्ली घाट लागला तेव्हा उजाडत होतं. घाटात कधीच बूड दुखत नाही. वळणावर वजन एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर जातं, उतारावर मागे सरकतो, चढावर पुढे झुकतो. अंग आपोआप हलत राहतं. कोयनानगरला चहा, पाटण, आणि नऊच्या सुमारास कराड.

कराडला हायवेला लागलं की हे सगळं थांबतं. गिअर एकच, वेग एकच, हात एकाच जागी, आणि वजन तासन्‌तास त्याच दोन बिंदूंवर. घाटात फुकट मिळत होतं ते इथे ठरवून करावं लागतं. मी किलोमीटरच्या दगडांचा उपयोग करते. दर काही दगडांनी एक बदल. सीटच्या मागच्या कडेला सरकते. मग पुढे टाकीजवळ. मग कमरेतून थोडी पुढे झुकते, म्हणजे वजन हाडांच्या टोकांवरून मांड्यांकडे जातं. मग पाठ ताठ करून पोट आत घेते आणि सैल सोडते. मागेपुढे रस्ता मोकळा असेल तर पेगवर उभी राहते, दहा आकडे मोजेपर्यंत. पायाचे पंजे बुटात वरखाली करते, पोटऱ्या हलल्या की पायात साठलेलं रक्त वर चढतं. यातला एकही बदल मोठा नाही. पण पार्श्वभागाला पाच मिनिटांहून जास्त काळ एकच दाब मिळू नये, एवढा एकच उद्देश असतो.

वाऱ्याचाही संबंध आहे. मध्यम वेगात छातीवर येणारा वारा अंगाला थोडं मागे रेटतो आणि हातांवरचं ओझं हलकं करतो. वेग वाढवला की तोच वारा मानेला आणि खांद्यांना ओढायला लागतो, आपण हँडल आवळून धरतो, आणि आवळलेल्या हातांमधून इंजिनाची थरथर थेट खांद्यात जाते. माझी गाडी ऐंशीच्या आसपास सर्वांत शांत धावते, म्हणून मी ऐंशीवरच राहिले. घाईत मिळालेली वीस मिनिटं पुढच्या थांब्यावर पाठ सरळ करण्यात जातात.

अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनची सॅडलसोअर नावाची राइड आहे: २४ तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०९ किलोमीटर. ती पूर्ण करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण आपल्याकडे नवे रायडर ती ऐकून पहिल्याच वर्षी मुंबई-बंगळूर एका दमात मारायला निघतात, आणि बैठक, कपडे, शॉकअप यातलं काहीच पाहिलेलं नसतं. साडेचारशे किलोमीटर न दुखता जमले की सहाशेचा विचार करावा. आकडा शरीराने वाढवायचा असतो.

साताऱ्याच्या पुढे ताकाचा थांबा, खंबाटकीचा बोगदा, आणि दुपारी पुण्याचा बायपास. तिथली रेंगाळणारी गर्दी बुडाला हायवेपेक्षाही छळते, कारण वारा नाही आणि इंजिनाची धग थेट मांड्यांवर येते. बाबा सिग्नलला दोन्ही पाय ताणून घ्यायला सांगतात, तेच केलं. किवळ्याला एक्स्प्रेस वे सोडून देहूरोडचा रस्ता धरला, कारण एक्स्प्रेस वेवरही दुचाकीला बंदीच आहे. लोणावळ्यानंतर घाटात शिंग्रोबाला नमस्कार केला. धनगर शिंग्रोबाने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं सांगतात, आणि जुन्या रस्त्याने जाणारा दुचाकीवाला तिथे थांबल्याशिवाय सहसा पुढे जात नाही. मीही थांबले, पाणी प्यायले, भिंतीला टाच लावून पोटऱ्या ताणल्या.

खोपोली, पनवेल, वाशीचा खाडीपूल. मानखुर्दच्या गर्दीत शरीराचा हिशोब घेतला. बूड ठीक. मांड्या ठीक. कंबर थोडी जड, पण कळ नाही. उजवं मनगट मात्र दुखत होतं, अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत. आधी बैठकीच्या दुखण्यात ते जाणवत नसावं, आता एकटंच उरल्याने ठळक झालं. सपाट सीटमुळे मी पूर्वीपेक्षा जराशी मागे बसते, आणि हँडल मात्र जुन्याच जागी आहे. थ्रॉटल धरताना मनगट वर मोडतं.

घरी पोचून आंघोळीच्या आधीच क्लॅम्पचे नट सैल केले, हँडल किंचित माझ्याकडे फिरवलं, ब्रेक आणि क्लचच्या दांड्या त्या मानाने जराशा खाली घेतल्या, म्हणजे बोटं, मनगट आणि कोपर एका रेषेत येतील. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवून केबल ताणत नाहीत ना ते पाहिलं आणि नट परत आवळले. रविवारी वसई किल्ल्यापर्यंत जाऊन बघणार आहे. पाडव्यानंतर बाबांना आणायला जायच्या आत ते जमायला हवं.